बेटावर जाताय? आधी मदत किती लांब आहे ते विचारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: उष्ण कटिबंधातल्या एका लहान बेटावर तुम्ही पहिल्यांदाच आठवडाभर जाताय. सोबत सहा आणि तेरा वर्षांची दोन मुलं आहेत आणि साठी ओलांडलेल्या आई आहेत, त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहे. शार्क, विषारी साप, वादळं, त्सुनामी, डेंग्यू असं सगळं वाचून तुमची झोप उडाली आहे, आणि नेमकी काय तयारी करायची हे तुम्हाला हवंय. मी अशा बेटांवर डायव्हिंग शिकवते, नवख्या लोकांना समुद्रात घेऊन जाते, त्यामुळे प्रथमोपचार हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. त्या जोरावर सांगते.

तुम्ही लिहिलेले धोके खोटे नाहीत, फक्त त्यांचा क्रम उलटा आहे. शार्कच्या हल्ल्यात जगभरात वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं दगावतात. बुडून मरणाऱ्यांचा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१चा अंदाज तीन लाखांचा आहे. बेटावर पाहुण्यांचं जे बिघडतं ते बहुतेक साध्या गोष्टींनी: लाटेची ओढ, घसरलेली स्कूटर, ऊन, डास, जुलाब. आणि यातली प्रत्येक गोष्ट बेटावर जास्त महागात पडते ती एकाच कारणामुळे. मदत लांब असते. शहरात घोटा मोडला तर तासाभरात प्लास्टर होतं. लहान बेटावर त्यासाठी बोट लागते, बोटीला उजेड लागतो आणि समुद्र शांत लागतो. म्हणून माझ्या मते तयारी म्हणजे दोन कामं: ज्या गोष्टी खरोखर घडतात त्या टाळणं, आणि घडल्याच तर मदत पोचेपर्यंतचे तास निभावून नेणं.

बेट कोणतं, महिना कोणता, किनारा प्रवाळाच्या भिंतीआड आहे की उघड्या समुद्रावर, आईंची साखर सध्या कशी आहे, यावर बरंच काही बदलतं. जिथे बदलतं तिथे सांगेन.

पहिलं काम आजच करा. राहण्याची सोय जिथे केली आहे त्यांना विचारा: चोवीस तास डॉक्टर असलेलं जवळचं ठिकाण कोणतं? तिथे एक्स-रे आणि रक्ततपासणी होते का? रात्री पेशंट हलवायचा झाला तर कशाने हलवतात? हवा खराब असेल तर काय करतात? ‘काळजी करू नका, सगळी सोय आहे’ असं मोघम उत्तर आलं तर पुन्हा विचारा. ज्यांना माहीत असतं ते ठिकाणाचं नाव आणि लागणारा वेळ सांगतात. हे उत्तर हातात घेऊन मग विम्याचे कागद वाचा. उपचारांच्या रकमेइतकंच महत्त्वाचं कलम म्हणजे रुग्णाला बेटावरून बाहेर हलवण्याचा खर्च. तो नसेल तर विमा अर्धवट आहे. आईंचे आजार विमा घेताना लिहून द्या, लपवलेल्या आजारावरून दावे नाकारले जातात. विमा कंपनीचा आपत्कालीन नंबर फोनमध्ये ठेवा आणि कागदावरही लिहून घ्या, कारण वीज गेली की मोबाइलचं नेटवर्कही जाऊ शकतं.

आता समुद्र. इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

किनाऱ्यावर पोचल्यावर मुलं थेट पाण्याकडे धावतील. त्यांना दहा मिनिटं थांबवा आणि थोड्या उंच जागेवरून पाणी बघा. लाटा ओळीने फुटत असतात, पांढरा फेस दिसत असतो. त्या फेसाच्या मध्येच एखादा पट्टा असा दिसतो की तिथे लाट फुटतच नाही. पाणी गडद, वरून शांत, कधी वाळूने गढूळ झालेलं, आणि फेस किंवा पालापाचोळा समुद्राच्या दिशेने सरकताना दिसतो. नवखा माणूस म्हणतो, इथे लाटा नाहीत, मुलांना इथेच उतरवू. ती नेमकी ओढीची जागा असते, रिप करंट. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्या वाटेने परत समुद्रात जात असतं, आणि तिचा जोर वाढला की पट्टीचा पोहणाराही तिच्याविरुद्ध पोहू शकत नाही.

सापडलात तर काय करायचं? रिप करंट माणसाला खाली ओढत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. माणसं बुडतात ती किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन पोहत राहतात आणि दमतात म्हणून. उताणं तरंगा, श्वास सावरा, हात वर करून मदत मागा. ओढ सैल झाली असं जाणवलं की किनाऱ्याला समांतर पोहत, जिथे लाटा फुटताहेत त्या बाजूला जा, लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतील. कधीकधी ओढ गोल फिरून स्वतःच किनाऱ्याजवळ आणून सोडते, म्हणून आधी तरंगणं महत्त्वाचं. तेरा वर्षांच्या मुलाकडून हे निघण्याआधी तलावात करून घ्या. पाच मिनिटं न हलता उताणं तरंगता येणं मला चार लांब्या वेगाने मारण्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. आणि दुसरं कुणी ओढीत सापडलं तर रिकाम्या हाताने उडी मारू नका. तरंगणारं काहीही फेका, आरडाओरडा करा. वाचवायला गेलेला माणूस बुडतो, हे फार वेळा घडतं.

सहा वर्षांचं मूल पाण्यात असेल तेव्हा एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं आणि त्या माणसाच्या हातात फोन नको. ‘आपण सगळे बघतोय’ म्हणजे कुणीच बघत नसतं. नाव घेऊन जबाबदारी द्या: आता पंधरा मिनिटं तू, मग मी. हवेने फुगवलेली रिंग, बदक, गादी ही तलावातली खेळणी आहेत. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर किनाऱ्याजवळ पाणी काचेसारखं दिसतं आणि त्यावरची गादी बघता बघता दूर जाते. मुलासाठी त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट घरून न्या. घालून, सगळे पट्टे लावून, खांद्यांपाशी धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे आणि पाण्यात मूल त्यातून निसटेल.

मोठ्या मुलासाठी वेगळी ताकीद. या वयात पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतं अशी पैज लागते. त्याआधी भराभर खोल श्वास घेतले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटतो तो याच वायूमुळे. मग ती जाणीव व्हायच्या आतच प्राणवायू संपतो आणि मूल काही न कळता बेशुद्ध पडतं, कंबरभर पाण्यातसुद्धा. हे त्याला घाबरवून नाही, कारण समजावून सांगा. मुलांना कारण पटतं.

स्नॉर्केलिंग सोपं दिसतं म्हणून लोक ते हलक्याने घेतात. विमानातून उतरलेल्या दिवशी मी कुणालाही खोल पाण्यात नेत नाही. दुसऱ्या दिवशी, उभं राहता येईल अशा जागी मास्क आणि नळीचा सराव करा. निघताना प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जा, म्हणजे दमल्यावर परतताना प्रवाह मदत करतो. दर दोन मिनिटांनी डोकं वर काढून किनारा आणि जोडीदार बघा. धाप लागली तर ‘थोडं पुढे जाऊन थांबू’ नको. तिथेच पाठीवर व्हा, नळी तोंडातून काढा, हात वर करा. आईंनी स्नॉर्केलिंग करावं का हे त्यांच्या हृदयाच्या तपासणीवर ठरेल. तुमच्या डॉक्टरांना ‘प्रवासाला जातोय’ एवढंच न सांगता ‘पाण्यात तोंड घालून नळीतून श्वास घ्यायचा आहे’ असं स्पष्ट सांगून विचारा. नको म्हणाले तर काचेच्या तळाच्या बोटीतूनही प्रवाळ छान दिसतं. तुमच्यापैकी कुणी पाठीवर हवेची टाकी घेऊन एखादं डाइव्ह करणार असेल तर ते शेवटच्या दिवशी ठेवू नका. एका साध्या डाइव्हनंतर निदान बारा तास आणि एकाहून जास्त केल्यास निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं.

बोटीत चढण्याआधी लाइफ जॅकेटं डोळ्यांनी बघा, मोजा, मुलांच्या मापाची आहेत का विचारा, आणि सुटण्याआधी अंगावर चढवा. बोट गच्च भरली असेल तर पुढची घ्या. बऱ्याच ठिकाणी दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून मला सकाळची फेरी आवडते. स्पीडबोटीत आईंना मागच्या बाजूला बसवा. पुढच्या टोकाला लाटेचा दणका सर्वात जास्त बसतो आणि वयस्कर माणसाचा मणका त्या एका दणक्यानेही दबू शकतो. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, पण पुढे बसून पाठ मोडून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

समुद्रातल्या विषारी जिवांबद्दल तुम्ही खूप वाचलंय, म्हणून कामाचं तेवढंच. रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला आणि उथळ वाळूत पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत लपलेला पाकट मासा आधीच निघून जातो. शंख, ऑक्टोपस, काहीही उचलायचं नाही, कितीही सुंदर दिसलं तरी. शंकूसारखा नक्षीदार शंख आणि निळ्या वर्तुळांचा छोटा ऑक्टोपस या दोघांचं विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं, त्यावर उतारा नाही. डॉक्टर मिळेपर्यंत तोंडाने श्वास देत राहणं हाच उपाय आहे. पाकट, स्टोनफिश, लायनफिश यांचा काटा लागला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास. पाणी आधी बरा असलेला हात घालून बघा, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. वेदना बऱ्याच कमी होतात, तरी डॉक्टरकडे जायचंच. छातीत किंवा पोटात काटा रुतला असेल तर उपटू नका. बॉक्स जेलीफिश असलेल्या किनाऱ्यावर डंखावर निदान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतायचं, मग चिकटलेले धागे चिमट्याने काढायचे. वाळूने चोळणं, गोडं पाणी ओतणं, लघवी करणं, यातलं काहीही नको. काही जातींसाठी सल्ला वेगळा असतो, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या जीवरक्षकाला विचारा: सध्या काय येतंय, आणि तुम्ही डंखावर काय लावता?

आता आईंबद्दल. इतकी वादळं आणि शार्क लिहिताना तुम्ही त्यांच्या पायांचा उल्लेखही केला नाहीत. खूप वर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. दुपारची वाळू भाजते हे त्यांना कळत नाही, संध्याकाळी फोड दिसतात. प्रवाळाने खरचटलेली जागाही तशीच. दिसते ओरखड्यासारखी, पण आत बारीक कण राहतात, आणि कोमट समुद्रात जखमेतून शिरणारे काही जिवाणू मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना फार वेगाने आजारी पाडतात. म्हणून आईंनी बूट घातल्याशिवाय वाळूत पाय ठेवायचा नाही, आणि रोज झोपण्याआधी तुम्ही दिव्याखाली त्यांचे दोन्ही तळवे आणि बोटांमधली जागा बघायची. कुणालाही खरचटलं की वाहत्या स्वच्छ पाण्याने चोळून धुवा, कण काढा, जंतुनाशक लावा. लाली पसरायला लागली किंवा ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

त्यांची सगळी औषधं हातातल्या सामानात, दोन वेगळ्या पिशव्यांत, परतायच्या तारखेपुढे निदान आठवडाभर पुरतील इतकी. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या, कारण कंपनीची नावं देशोदेशी बदलतात. इन्शुलिन असेल तर ते चेक-इनच्या बॅगेत टाकायचं नाही, गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. दमट उष्म्यात आणि त्यात जुलाब झाले तर अशा गोळ्यांनी चक्कर येऊ शकते. डोस कधी थांबवायचा हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांनीच दुपारी सावलीत राहा, शरीराला या हवेची सवय व्हायला आठवडाभर लागतो. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं तर तो उष्माघात समजा. सावलीत आणा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, आणि ते करत असतानाच मदत बोलवा.

पोटासाठी ओआरएसची पाकिटं भरपूर न्या. संपली तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: प्रवाळाजवळ राहणाऱ्या बॅराकुडा किंवा मोरे ईलसारख्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेराचं विष साठलेलं असू शकतं. ते शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, चवीलाही कळत नाही. लहान मासे खा.

स्कूटरबद्दल माझं मत ठाम आहे. घरी रोज दुचाकी चालवत नसाल तर बेटावर शिकू नका. वाळू पसरलेलं वळण, पायात चपला, उघडे गुडघे, आणि योग्य परवाना नसल्यामुळे हात वर करणारी विमा कंपनी, हे सगळं एकाच दुपारी जुळून येतं. मुलांना घेऊन तर नाहीच.

वादळाचा धोका महिन्यावर आणि अक्षांशावर आहे. उत्तर अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा हंगाम. दक्षिण पॅसिफिक आणि दक्षिण हिंद महासागरात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. बंगालच्या उपसागरात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. विषुववृत्तापासून पाच अंशांच्या आत चक्रीवादळं फार क्वचित तयार होतात. वादळ तुमच्यावर आलं नाही तरी बोटी रद्द होतात, म्हणून परतीचं विमान आणि बेटावरून निघणं यांत एक मोकळा दिवस ठेवा, आणि थोडी रोख रक्कमही.

त्सुनामीसाठी एकच गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ हवी. जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, समुद्र अचानक मागे हटला किंवा गर्जनेसारखा आवाज आला, यातलं एक जरी झालं तरी भोंग्याची वाट न बघता उंचावर चालू लागायचं. २६ डिसेंबर २००४ला भूकंपाच्या केंद्राजवळच्या इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर काही मिनिटांत लाट पोचली. तिथे सुमारे ७८ हजार लोक राहत होते आणि फक्त सात दगावले. १९०७च्या लाटेनंतर ‘जमीन हलली की डोंगरावर पळा’ हे तिथल्या आजी-आजोबांनी गोष्टीगाण्यांतून नातवंडांपर्यंत पोचवलं होतं. पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरू नका, पुढची मोठी असू शकते. पोचलात त्याच संध्याकाळी खोलीपासून उंच जागेपर्यंत सगळे एकदा चालून या, आई त्यांच्या वेगाने. किती मिनिटं लागली ते बघा.

शेवटी डास. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी लवकर आणि मावळतीच्या आधी जास्त. म्हणून मच्छरदाणी लावून झोपलं की काम संपत नाही. २० ते ३० टक्के डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं डास पळवणारं मलम दिवसाही लावा, आधी सनस्क्रीन आणि त्यावर हे. मलेरियाचं मात्र बेटागणिक वेगळं आहे. मालदीव २०१५ पासून आणि श्रीलंका २०१६ पासून मलेरियामुक्त आहेत, उलट पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांवर तो आजही जोरात आहे. प्रतिबंधक गोळ्या लागतात का हे निदान महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे सुरू कराव्या लागतात.

ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन ताप-दुखीसाठी घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आई हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेत असतील तर ती आपल्या मनाने बंदही करू नका, डॉक्टरांना फोन करा. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे एक-दोन दिवस सर्वात जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, विलक्षण ग्लानी किंवा अस्वस्थता दिसली तर मिळेल त्या पहिल्या बोटीने दवाखान्याकडे निघा. आणि परत आल्यावर तीन महिन्यांत घरातल्या कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, कोणत्या बेटावर होतो आणि कोणत्या तारखांना. त्यावरून मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करायची की नाही हे ठरतं.